बढती घ्यावी की नको? : एका साधिकेचा प्रश्न

चेन्नईच्या तिरुवल्लिक्केणी भागात आम्ही काही मराठी कुटुंबे दर गुरुवारी संध्याकाळी सत्संगासाठी एकत्र येतो. जुन्या पुस्तकांत या भागाचे नाव ट्रिप्लिकेन असे आढळते. वाचन होते, थोडे चिंतन होते, शेवटी दहा मिनिटे शांत बसणे होते. काही महिन्यांपूर्वी सगळे निघून गेल्यावर एक ताई मागे थांबल्या. वय चाळिशीच्या आतबाहेर. एका बँकेच्या मध्यवर्ती कार्यालयात त्या बारा वर्षे कर्जाची कागदपत्रे तपासण्याचे काम करत होत्या.

"काका, मला बढती आली आहे," त्या म्हणाल्या. आवाजात आनंद नव्हता. "पण शाखेत बसावे लागेल. थेट ग्राहकांसमोर. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचे आहे. काय करू?"

बढती हवीशी वाटण्याचे कारण साधे होते. पगार वाढणार होता आणि मुलगा दोन वर्षांनी इंजिनिअरिंगला जाणार होता. नको वाटण्याची कारणे मात्र तीन होती. पहिले म्हणजे, "मला माणसांशी बोलायला जमत नाही." दुसरे, "आत्ता माझे मन शांत असते. टेबलावर फाइल येते, मी तपासते, पुढे पाठवते. संध्याकाळी ध्यानाला बसले की मन लगेच लागते. शाखेत दिवसभर लोकांची भांडणे ऐकून ते टिकेल का?" आणि तिसरे कारण त्यांनी जरा थांबून, खाली बघत सांगितले, "तिथे विमा विकावा लागतो, काका. टार्गेट असते."

मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हतेच. पण हा प्रश्न फक्त त्यांचा नाही. कार्यशाळेत यंत्रे दुरुस्त करणाऱ्याला विक्री विभागात बोलावतात. वर्गात रमणाऱ्या शिक्षिकेला मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसवून पालकांसमोर उभे करतात. संगणकावर शांतपणे काम करणाऱ्या तरुणाला ग्राहकांच्या बैठका घ्यायला सांगतात. आपल्यापैकी अनेकांपुढे अशी वेळ आली आहे किंवा येणार आहे. म्हणून त्या आठवड्यात जे चिंतन झाले, ते इथे मांडतो.

नकार कशातून येतो?

आम्ही जिथे जमतो तिथून पार्थसारथीचे मंदिर चालत काही मिनिटांवर आहे. तिथल्या मूळ मूर्तीला मिशा आहेत. सारथ्याच्या रूपातील कृष्ण, म्हणून. आणि उत्सवमूर्तीच्या चेहऱ्यावर बारीक व्रण आहेत. भाविक सांगतात की ते भीष्मांच्या बाणांचे व्रण आहेत. युद्धात शस्त्र न धरण्याचा शब्द कृष्णाने दिला होता. पण सारथी रथात पुढे बसतो, आणि पुढे बसणाऱ्याला बाण लागतातच.

याच सारथ्याच्या मागे बसलेला अर्जुन म्हणत होता की मला हे युद्ध नको, त्यापेक्षा भिक्षा मागून जगणे बरे. ऐकायला ही वैराग्याची भाषा आहे. पण कृष्णाने तिला वैराग्य मानले नाही. त्या शब्दांमागे काय आहे ते त्याने पाहिले, आणि तिथे त्याला मोह आणि मनाचा दुबळेपणा दिसला. अर्जुनाने पुढे संन्यास घ्यावा की घेऊ नये, हा प्रश्न वेगळा होता. त्या क्षणी तो जे मागत होता ते संन्यासाच्या नावाखाली पळून जाणे होते.

आपल्या बाबतीत हे फार सूक्ष्मपणे घडते. आपण साधना करणारे लोक. आपल्याजवळ चांगले शब्द खूप असतात. "मला पदाचा मोह नाही", "मला शांतता हवी", "आहे त्यात समाधान आहे". ही वाक्ये खरीही असू शकतात. पण कधी कधी याच वाक्यांच्या आड "मला भीती वाटते" हे साधे वाक्य दडलेले असते. भीती वाटण्यात कमीपणा नाही. भीतीला वैराग्य म्हणण्यात मात्र धोका आहे, कारण ज्या भीतीला आपण चांगले नाव दिले तिच्यावर काम करण्याचे आपण सोडून देतो.

जाजली आणि तुलाधार

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला एक कथा सांगतात. जाजली नावाचा तपस्वी होता. तो इतका निश्चल उभा राहिला की पक्ष्यांनी त्याच्या जटांत घरटे बांधले. अंडी घातली, पिले झाली, मोठी होऊन उडून गेली, तरी तो हलला नाही. मग त्याच्या मनात आले की आता धर्म मला साधला. तेव्हा आकाशवाणी झाली, की वाराणसीच्या तुलाधाराची सर तुला नाही.

जाजली चिडला आणि शोधत वाराणसीला गेला. तुलाधार कोण? बाजारात बसून सुगंधी द्रव्ये, रस, वनस्पती विकणारा एक दुकानदार. गिऱ्हाइकांच्या गर्दीत बसलेला. जाजलीने विचारले, तुला हे ज्ञान कुठून मिळाले? तुलाधाराच्या उत्तराचा सारांश असा की मी कोणाला फसवत नाही, कोणाचे वाईट चिंतत नाही, आणि माझा तराजू सगळ्यांसाठी सारखा असतो. समोर कोण उभा आहे हे पाहून तो वर-खाली होत नाही.

या कथेत तपाची निंदा नाही. जाजलीचे तप खरेच होते. पण त्या तपाची परीक्षा झाली नव्हती. पक्षी त्याच्याशी भांडले नाहीत, त्याचा अपमान केला नाही, उधारी मागितली नाही. तुलाधाराची परीक्षा मात्र दर गिऱ्हाइकागणिक होत होती. आणि गंमत पाहा, ज्याने पक्ष्यांसाठी स्वतःला विसरले तो जाजली आकाशवाणीचे एक वाक्य ऐकून चिडला!

मी ही कथा ताईंना सांगितली तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मला राग येत नाही असे मला वाटते, कारण फाइल मला उलट बोलत नाही." मला यात काही भर घालावीशी वाटली नाही. एकांतात राग येत नाही याचा अर्थ राग गेला, असा होत नाही. तो कदाचित समोरच्या माणसाची वाट पाहत असतो.

पूजाघरातून मद्रासला

या शहरातच घडलेले एक उदाहरण आहे. तिरुवल्लिक्केणीच्या समुद्रकिनाऱ्यावर 'आइस हाउस' नावाची गोलाकार इमारत आहे. अमेरिकेतून जहाजाने येणारा बर्फ साठवण्यासाठी ती १८४२ मध्ये बांधली गेली. पुढे बिळिगिरी अय्यंगार यांनी ती विकत घेतली. परदेशातून परतल्यावर फेब्रुवारी १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद याच वास्तूत नऊ दिवस राहिले. आज तिला विवेकानंदर इल्लम म्हणतात.

मद्रासच्या भक्तांनी तेव्हा विनंती केली की आमच्यासाठी इथे कायमचे कोणीतरी पाठवा. स्वामीजींनी निवडले ते शशी महाराज, म्हणजे स्वामी रामकृष्णानंद यांना. ही निवड वरवर पाहता विचित्र होती. श्रीरामकृष्णांच्या देहत्यागानंतर इतर गुरुबंधू तीर्थाटनाला आणि तपश्चर्येला जात-येत राहिले. शशी महाराज मात्र वराहनगरच्या आणि नंतर आलमबाजारच्या मठात ठाण मांडून बसले. गुरूंची नित्यपूजा हेच त्यांचे जग होते. भाषणे देणे, अनोळखी शहरात जाऊन लोक जमवणे, यातले काहीच त्यांनी केले नव्हते. ते बंगाली होते आणि मद्रासच्या लोकांची भाषा तमिळ. नाही म्हणायला सगळी कारणे हाताशी होती, आणि सगळी चांगली दिसणारी होती. पूजा सोडून कसे जायचे, हे कारण तर कोणालाही पटले असते.

त्यांनी नाही म्हटले नाही. मार्च १८९७ मध्ये ते मद्रासला आले आणि इंग्रजीतून वर्ग घेऊ लागले. शहराच्या वेगवेगळ्या भागांत आठवड्यात कित्येक वर्ग होत. सुरुवातीला प्रतिसाद नेहमीच असे असे नाही. चरित्रकार सांगतात की एकदा वर्गाला कोणीच आले नाही, तरी त्यांनी वर्ग नेहमीसारखाच घेतला. कोणी विचारले तेव्हा त्यांच्या सांगण्याचा आशय असा होता, की हे माझे व्रत आहे, कोण आले आणि कोण नाही यावर ते अवलंबून नाही. १९०५ मध्ये त्यांच्याच प्रेरणेने इथे गरीब मुलांसाठी विद्यार्थीगृह सुरू झाले. १९११ मध्ये त्यांचा देह पडला तोवर मद्रास हीच त्यांची कर्मभूमी होती.

यातून मला एक गोष्ट समजते. ते पूजाघर सोडून बाहेर आले असे आपण म्हणतो. पण मद्रासलाही त्यांची नित्यपूजा चालूच होती, आणि वर्गही त्यांनी पूजेसारखाच केला. काम बदलले, काम करण्यामागचा भाव बदलला नाही. आपला प्रश्नही बहुधा तिथेच असतो. नवे काम माझी शांतता नेईल का, असे आपण विचारतो. त्याऐवजी, माझी शांतता मी त्या कामात बरोबर नेऊ शकेन का, असे विचारायला हवे.

स्वीकारही तपासून घ्यावा

इतके वाचून कोणाला वाटेल की मग बढती घ्यावी, हाच धर्म. तसे नाही. नकारात भीती लपू शकते, तसाच होकारात अहंकार लपू शकतो. 'सेवेची संधी' हा शब्दही खुर्चीच्या हौसेला झाकायला उपयोगी पडतो. पगार वाढावा असे वाटणे यात मात्र पाप नाही. मुलाचे शिक्षण ही गृहस्थाची जबाबदारीच आहे. ते कारण लपवून ठेवण्यापेक्षा स्वतःशी मोकळेपणाने मान्य करणे अधिक प्रामाणिक आहे.

आणि नकारही कधी कधी पूर्ण योग्य असतो. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात देखभाल विभागात होते. त्यांना ग्राहकांच्या तक्रारी सोडवण्याचे वरचे पद मिळत होते, पण महिन्यातले पंधरा दिवस फिरती होती. घरी आई अंथरुणाला खिळलेली. त्यांनी नाही म्हटले. ते पद त्यांच्यापेक्षा लहान सहकाऱ्याला मिळाले, तेव्हा याच गृहस्थांनी त्याला सगळ्या जुन्या तक्रारींची वही समजावून दिली. आपण त्याग केला असे त्यांनी कुठे सांगितले नाही, आणि त्या सहकाऱ्याबद्दल कडवटपणाही धरला नाही. माझ्या मते नकाराची ही चांगली खूण आहे. नाही म्हटल्यावर जर आपण हो म्हणणाऱ्याला मनातल्या मनात कमी लेखू लागलो, तर समजावे की काहीतरी राहून गेले आहे.

तिसरे कारण

आता ताईंच्या तिसऱ्या कारणाकडे येतो, कारण खरा प्रश्न तिथे होता. माणसांशी बोलणे सरावाने जमते. मनाची शांतता अभ्यासाने टिकते. पण समोरच्याला नको असलेली गोष्ट त्याच्या गळ्यात घालण्याची वेळ आली तर?

उदाहरण घ्या. सत्तरीच्या एका आजींची मुदत ठेव संपली. दरमहा येणाऱ्या व्याजावर त्यांचे औषधपाणी चालते. अशा वेळी त्यांना शेअर बाजाराशी जोडलेली, पहिली पाच वर्षे पैसे काढता न येणारी विमा योजना देता येते. सही घेतली की टार्गेट पूर्ण होते. कायद्याच्या कागदावर सगळे व्यवस्थित असते. पण देणाऱ्याला आतून माहीत असते.

रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये ग्राहकांच्या हक्कांची सनद जाहीर केली. तीत पाच हक्क आहेत : न्याय्य वागणूक, पारदर्शक व प्रामाणिक व्यवहार, ग्राहकाच्या गरजेला आणि परिस्थितीला साजेशीच योजना मिळणे, खासगी माहितीची गुप्तता, आणि तक्रारीचे निवारण व भरपाई. विमा घेतल्यावर कागदपत्र हाती आल्यापासून ३० दिवसांत ते परत करण्याची मुभाही आता आहे. म्हणजे नियमाच्या बाजूने प्रामाणिक कर्मचारी एकटा नाही. पण नियम आजींच्या समोर बसत नाही. समोर माणूस बसतो. सनदेतला तिसरा हक्क प्रत्यक्षात उतरणार की नाही, हे त्या माणसावर ठरते.

इथे ताईंनी स्वतःच एक आठवण सांगितली. त्यांचे वडील सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडचे. त्या दुष्काळी पट्ट्यातली अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या कामासाठी देशभर गेली. तसे तेही चेन्नईच्या साहुकारपेठेत आले. गलाईच्या दुकानात सराफ जुने सोने घेऊन येतो. ते मुशीत वितळवायचे, शुद्ध करायचे आणि परत करायचे. वितळल्यावर वजन घटतेच. किती घटले हे गलाईवाला सांगेल ते. सगळा धंदा त्या एका विश्वासावर उभा. "आप्पा प्रत्येक वेळी काटा गिऱ्हाइकाकडे वळवून ठेवायचे," ताई म्हणाल्या. "मी विचारले की हे आपले रोजचे ओळखीचे लोक, यांना कशाला दाखवता? तर म्हणायचे, त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी दाखवतो."

मी म्हटले, "अगं, मग तू तुलाधाराची कथा माझ्याकडून कशाला ऐकलीस? ती तुझ्या घरातच होती."

त्या हसल्या. पण लगेच म्हणाल्या, "आप्पांचे दुकान त्यांचे होते, काका. माझ्यावर साहेब आहेत."

हे खरे आहे आणि ते सोपे करून सांगता येणार नाही. नोकरीत तराजू आपला नसतो. म्हणूनच, खुर्चीत बसण्याआधीच आपली रेषा ठरवावी लागते. मी काय करीन, काय कदापि करणार नाही, आणि त्याची किंमत किती मोजायची माझी तयारी आहे. किंमत म्हणजे टार्गेट चुकणे, वार्षिक शेऱ्यात कमी गुण मिळणे, कदाचित पुढची बढती न मिळणे. ही तयारी आधी नसेल तर मोहाच्या क्षणी रेषा आपोआप सरकते. आणि जिथे रेषा ओलांडल्याशिवाय काम करताच येणार नाही असे स्पष्ट दिसते, तिथे न जाणे हाच धर्म. मात्र ते आधी विचारून, माहिती काढून ठरवावे. ऐकीव भीतीवर ठरवू नये.

उत्तर देण्यापूर्वी

त्या रात्री आम्ही चार प्रश्न कागदावर लिहिले. आपल्यापैकी कोणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडतील म्हणून देतो.

मी ज्यापासून दूर जात आहे ते वाईट आहे, की फक्त मला अवघड आहे? या पदाचा पगार आणि मान काढून टाकला तरी त्या कामात मला काही करावेसे वाटते का? माझ्यामुळे घरातल्या कोणाची आवश्यक सेवा थांबणार आहे का? आणि ज्या गोष्टीला मी नाही म्हणेन, ती मला आजच स्पष्ट शब्दांत लिहिता येते का?

उत्तरे शांत बसून, कोणाला न दाखवता लिहावीत. दोन दिवसांनी पुन्हा वाचावीत. पहिल्या दिवशी लिहिलेले उत्तर बहुधा लोकांना दाखवण्याजोगे असते, तिसऱ्या दिवशीचे आपले असते.

ताईंनी शनिवारी वरिष्ठांना फोन करून विचारले की विम्याचे टार्गेट किती, आणि ग्राहकाला योजना साजेशी नाही असे मी लेखी नोंदवले तर चालेल का. उत्तर अर्धवट मिळाले, "बघू या." सोमवारी त्यांनी होकार कळवला.

तीन-चार महिन्यांनी त्या पुन्हा सत्संगानंतर थांबल्या. एका दिवशी रांगेतल्या एका माणसावर त्या ओरडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याला फोन करून क्षमा मागितली. ध्यान पूर्वीसारखे पटकन लागत नाही, हेही सांगितले. मग म्हणाल्या, "एक पाट्टी आल्या होत्या, काका." तमिळमध्ये आजीला पाट्टी म्हणतात. "ठेव संपली होती. मी दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले, फरक समजावला. संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवून व्याज दाखवले. त्यांनी ठेवच पुन्हा केली. त्या महिन्यात माझे टार्गेट चुकले. साहेब बोलले."

"मग?"

"मग काही नाही. पुढच्या महिन्यात पाट्टी त्यांच्या बहिणीला घेऊन आल्या. टार्गेट तेव्हाही चुकलेच."

त्यांचा निर्णय बरोबर होता की चूक, हे मी सांगणार नाही. त्याचे उत्तर त्यांना रोज नव्याने द्यावे लागणार आहे. पण पडदा ग्राहकाकडे वळवताना त्यांना आप्पांचा काटा आठवला असेल, याबद्दल मला शंका नाही.

आपण कुठेही बसलेले असू, आत किंवा समोर, वर किंवा खाली. या आठवड्यात एकदा तरी पाहू या, आपला काटा कोणाकडे वळलेला आहे.